मागावं लागू नये म्हणून

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या कंपनीत विविधता आणि समावेश समिती होती आणि तिची समन्वयक मी होते. मनुष्यबळ विभागातलं माझं मूळ काम भरतीचं. समितीचं काम त्याच्या जोडीने. धोरणाची पुस्तिका होती, वर्षाचा आराखडा होता, भरतीची उद्दिष्टं होती. व्हीलचेअरसाठी उतार, पाळणाघर, स्तनपानासाठी खोली, पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्ट्या, लिफ्टमध्ये ब्रेल बटणं, हे सगळं आम्ही पाठपुरावा करकरून मिळवलं होतं. पण यातलं जवळजवळ सगळं इमारतीत होतं. इमारतीला कुलूप लागलं आणि समावेशाचं म्हणून जे काही आमच्याजवळ होतं ते कुलपाच्या आत राहिलं.

पहिल्याच आठवड्यात वरून निरोप आला, की समितीची कामं तूर्त बाजूला ठेवा. आधी कंपनी तगवू, मग हे पाहू. निरोप देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पुढच्या महिन्याचे पगार होतील की नाही ही चिंता खरी होती. तरीही मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. लॅपटॉप आधी कोणाला मिळणार, बैठका किती वाजता होणार, कोणी घरून काम करायचं आणि कोणी यायचंच, पुढे वेळ आलीच तर कोणाला कमी करायचं, हे सगळं त्याच दिवसांत ठरत होतं. समावेशाचा प्रश्न यापेक्षा वेगळा काय असतो? मी एवढंच मागितलं: रोज सकाळी जी आपत्कालीन बैठक होते तिच्यात समितीतला एक माणूस बसेल आणि प्रत्येक निर्णयाआधी विचारेल, "हे कोणाला जमणार नाही?" ते मान्य झालं. पुढे आम्ही जे काही करू शकलो त्यातलं बहुतेक त्या एका जागेमुळे झालं.

सुरुवातीला सगळ्यांना प्रश्नावली पाठवली होती. उत्तरं आली ती ज्यांचं बरं चाललं होतं त्यांची. ज्यांच्या घरी एकच खोली, एकच फोन आणि शाळेची दोन मुलं, त्यांना प्रश्नावली भरायला वेळ कुठला? म्हणून आम्ही यादी वाटून घेतली आणि फोन करायला लागलो. तीन गोष्टी आधी ठरवल्या. फोन करणारा त्या माणसाचा थेट वरिष्ठ नसेल. परवानगीशिवाय काही लिहून ठेवायचं नाही. आणि "काही अडचण आहे का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला सगळे "नाही, सगळं ठीक" म्हणतात. आम्ही म्हणायचो, "कालचा दिवस सकाळपासून सांगा ना." दिवस सांगता सांगता माणसं खरं बोलायची. एक जण रात्री अकरानंतर काम करत होता, कारण दिवसा लॅपटॉपवर मुलीची शाळा असे. एक जण मीटिंगला जिन्यात बसत होती, कारण घरात रेंज नव्हती. एक सहकारी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "मी हे सांगितलं तर माझं नाव कमी करायच्या यादीत नाही ना जाणार?"

त्या प्रश्नाने मला आमच्या कामाचा मधला खांब दाखवला. मंदीच्या दिवसांत कोणी काही मागत नाही. एरवी रास्त मागणी करणारी माणसंही गप्प होतात, कारण मागणारा डोळ्यांवर येतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात वाजवी सोय, म्हणजे अपंग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करायचा रास्त बदल, नाकारणं हा भेदभाव मानला आहे, आणि ती तरतूद मोलाची आहे. पण अशी सोय बहुधा मागणीनंतर मिळते, आणि आमच्यासमोर तर मागायलाच घाबरणारी माणसं होती. म्हणून आम्ही ठरवलं, की जी जी सोय एकाला लागते ती शक्य तिथे सगळ्यांसाठी सुरू करायची, न मागता, पुरावा न घेता. जिथे ते शक्य नाही तिथेच अर्ज.

आमच्या डिझाइन विभागात एक कर्णबधिर सहकारी आहे. कार्यालयात तो समोरच्याचे ओठ वाचून आणि कागदावर लिहून काम सहज निभावायचा. व्हिडिओ कॉलवर बारा चौकटी, त्यात कोण बोलतंय ते कळेना, कोणाच्या तोंडावर उजेड नाही, कोणाचा कॅमेरा बंद. पहिले काही आठवडे तो बैठकीनंतर एका मित्राकडून सारांश मागून घेत होता, आणि हे त्याने आम्हाला नाही, त्या मित्राने सांगितलं. आम्ही स्वयंचलित कॅप्शन, म्हणजे बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, सगळ्या बैठकांत सुरू ठेवले. त्यांत नावं आणि तांत्रिक शब्द हमखास चुकतात. त्यामुळे महत्त्वाच्या बैठकांना एक माणूस टंकलेखनाला बसवला आणि मोठ्या बैठकांना सांकेतिक भाषेचा दुभाषी घेतला. दुभाषाची चौकट पडद्यावर कायम दिसेल अशी पक्की करावी लागते, नाहीतर बोलणारा बदलला की ती नाहीशी होते. दुभाषी एकटा तासभर सलग काम करू शकत नाही, दोघांनी आलटून पालटून करावं लागतं, हेही आम्ही तेव्हाच शिकलो. आणि एक नियम, ज्याला पैसे लागत नाहीत: बोलण्याआधी हात वर करायचा, आपलं नाव सांगायचं, एका वेळी एकानेच बोलायचं.

याच नियमाचा उपयोग आमच्या अंध सहकाऱ्याला झाला, कारण तिला कोण बोलतंय ते आता नावाने कळू लागलं. तिची अडचण मात्र वेगळी होती. कार्यालयात तिची सगळी सॉफ्टवेअर बसवलेली होती आणि ती स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, माझ्यापेक्षा वेगाने काम करायची. घरी गेल्यावर घाईघाईत नवी साधनं आली: लॉगिनचं नवं पान, चिठ्ठ्या चिकटवायचा ऑनलाइन फळा, हजेरीचं ॲप. लॉगिनच्या पानावर चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगायचे, आणि चित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. म्हणजे कामाच्या दारातच ती अडकली. फळ्यावरच्या चिठ्ठ्या तिच्यासाठी नव्हत्याच. तिने आयटी विभागाला एक साधी तपासणी शिकवली, आणि ती मी अजून सगळ्यांना सांगते: माउस बाजूला ठेवा आणि फक्त कीबोर्डवर हे साधन पहिल्यापासून शेवटपर्यंत वापरून दाखवा. जिथे अडकाल तिथे दुसरं कोणीतरी कायमचं अडकणार आहे. मग आम्ही अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक निकषांशी, जे २०१८पासून सगळ्यांना खुले आहेत, खरेदी बांधून टाकली. उदाहरणार्थ, साध्या आकाराचा मजकूर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यातला रंगभेद किमान ४.५ : १ हवा. निकषांत न बसणारं साधन स्वस्त असलं तरी घ्यायचं नाही. विक्रेते आधी कुरकुरले, मग सुधारून आणू लागले. हे काम करायला तिला तिच्या नेहमीच्या कामातून वेळ आणि त्याचा वेगळा मोबदला मिळेल असं आम्ही पाहिलं. वंचित माणसानेच आपल्या वंचनेवर फुकट शिकवण्या घ्याव्यात ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात १.३ अब्ज लोकांना, म्हणजे साधारण सहांतल्या एकाला, लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. आमच्या नोंदींत ते प्रमाण याच्या जवळपासही नव्हतं. फोनवर बोलताना कळलं, की बरेच जण सांगतच नव्हते: एका कानाने कमी ऐकू येणं, पाठीचं जुनं दुखणं, अपस्मार, नैराश्य. कॅप्शन सगळ्यांना दिसू लागल्यावर, नोंद नसलेल्या कितीतरी जणांनी ते बंद करू नका म्हणून सांगितलं.

कॅमेऱ्यावरून मोठा वाद झाला. काही विभागप्रमुखांचं म्हणणं, की चेहरा दिसल्याशिवाय माणूस कामात आहे असं वाटत नाही. मी त्यांच्या एकटेपणाशीही सहमत होते; रिकाम्या काळ्या चौकटींशी बोलणं खरंच कठीण असतं. पण कॅमेरा म्हणजे घराचं दार उघडणं. कोणाच्या मागे दोरीवरचे कपडे, कोणाच्या मागे आजारी सासरे. कोणाला आपलं घर वरिष्ठांना दाखवायचं नव्हतं, आणि त्यामागे पैशांची, जातीपातीची, वस्तीची जी लाज समाजाने लादलेली असते ती होती. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी व्हिडिओ कॉलच्या थकव्याचा अभ्यास मांडला. सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं हे त्यांनी एक कारण सांगितलं होतं, आणि हा थकवा पुरुषांपेक्षा स्त्रियांनी जास्त नोंदवला होता. तो हाती आल्यावर वाद मिटला. कॅमेरा ऐच्छिक झाला, आणि कॅमेरा बंद ठेवणाऱ्याची कोणी मनात नोंद ठेवू नये यासाठी मूल्यमापनाच्या अर्जातून 'बैठकीतली उपस्थिती' हा रकानाच काढला.

घर सगळ्यांसाठी सुरक्षित नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांसाठीच्या संस्थेने एप्रिल २०२०मध्येच घरगुती हिंसेला महामारीच्या सावलीत वाढणारी दुसरी महामारी म्हटलं होतं. आमची मदतीची सोय फोनवर होती. पण मारणारा माणूस शेजारच्या खोलीत असताना फोन कोण करणार? आम्ही समुपदेशकांशी बोलून मजकुराच्या गप्पांतून मदत सुरू केली. ती कंपनीच्या रोजच्या कामाच्या खिडकीसारखीच दिसायची आणि एका बटणावर बंद व्हायची. कार्यालयातली एक खोली कोणतंही कारण न विचारता दिवसभर काम करायला उघडी ठेवली. कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १९० जून २०१९मध्ये स्वीकारला गेला आणि २५ जून २०२१पासून अमलात आला. त्यात ऑनलाइन संवादातला छळ धरला आहे आणि घरगुती हिंसेचा कामावरचा परिणामही. आमच्या छळविरोधी धोरणात तोवर 'कार्यालयाच्या आवारात' असे शब्द होते. रात्री साडेअकराला येणारा "अजून जागी आहेस?" हा वरिष्ठांचा संदेश त्या आवारात बसत नव्हता. ते शब्द आम्ही बदलले.

एका पारलिंगी सहकारिणीची गोष्ट मला इथे सांगायलाच हवी, तिच्या परवानगीने. कार्यालयात सगळे तिला तिने निवडलेल्या नावाने हाक मारत. व्हिडिओ कॉलचं खातं मात्र पगाराच्या नोंदींशी जोडलेलं, म्हणून तिचं जुनं नाव मोठ्या अक्षरांत प्रत्येक बैठकीत, ग्राहकांसमोरही, तिच्या चेहऱ्याखाली झळकू लागलं. तिने आजारपणाच्या रजा घ्यायला सुरुवात केली. दुरुस्ती किती साधी होती! कायदेशीर नाव पगारापुरतं ठेवायचं आणि दाखवायचं नाव वेगळ्या रकान्यात, ज्याचं त्याने भरायचं. आयटी विभागाने ती दुपारच्या आत केली. ती झाल्यावर लग्नानंतर नाव बदललेल्या, घटस्फोटानंतर परत आधीचं नाव घेतलेल्या आणि लांबलचक नावाचं छोटं रूप वापरणाऱ्या कितीतरी जणांनी तो रकाना भरला.

वेळेचा प्रश्न सगळ्यात चिवट निघाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८मध्ये दिलेला आकडा सांगतो, की जगभरातल्या बिनपगारी देखभालीच्या कामाचे ७६.२ टक्के तास स्त्रिया करतात. हे महामारीच्या आधीचं. नंतर १९०हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या, दीड अब्जाहून अधिक मुलं घरी बसली, आणि तो भार कोणाकडे गेला हे सांगायला नको. आमच्याकडे बैठका सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला असत. दोन्ही वेळा घरातल्या सगळ्यात धावपळीच्या. फोनवर ऐकलेले दिवस एकमेकांशेजारी मांडून आम्ही मधले काही तास सगळ्यांसाठी समाईक ठरवले. बैठका त्यातच होतील, उरलेले तास ज्याने त्याने आपल्या सोयीने लावावेत. दुसरं, कोणताही मोठा निर्णय बैठकीतच पक्का करायचा नाही. टिपण सगळ्यांना जाईल आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लेखी मत देता येईल. या दुसऱ्या नियमाने जे बदललं त्याची मला कल्पना नव्हती. तोतरं बोलणारा एक अभियंता, जो बैठकीत वर्षानुवर्षं गप्प असायचा, तो लेखी इतकं नेमकं मांडू लागला की पुढे त्याच्या मतासाठी लोक थांबायला लागले.

पण तास लवचिक केले आणि उद्दिष्ट तेच ठेवलं, तर ती लवचिकता रात्रीच्या जागरणाने भरून निघते. हे मी विभागप्रमुखांपुढे पुन्हा पुन्हा मांडलं. अखेर ठरलं, की ज्याने देखभालीसाठी तास कमी केले त्याच्या कामाचं माप त्याच प्रमाणात लेखी कमी होईल, आणि वर्षाचं मूल्यमापन त्या कमी मापावर होईल. पुरुषांनीही हे घ्यावं म्हणून एका ज्येष्ठ संचालकांनी स्वतः आधी घेतलं आणि सगळ्यांना सांगून घेतलं. त्यांच्या आईची शुश्रूषा ते करत होते. त्यानंतर पुरुषांचे अर्ज यायला लागले.

याच सुमारास कर्मचाऱ्यांच्या पडद्यांची छायाचित्रं घेणारं आणि कीबोर्डवरचे ठोके मोजणारं सॉफ्टवेअर घ्यायचा प्रस्ताव आला. मी विरोध केला तो खासगीपणासाठी तर होताच. पण बैठकीत मुद्दा बसला तो दुसरा. हातांना विकार असलेला आमचा एक सहकारी बोलून मजकूर लिहितो. त्याचे ठोके शून्य भरणार. अंध सहकारी माउस हलवतच नाही. ती 'निष्क्रिय' दिसणार. बाळाला पाजून परत आलेली आई दर दोन तासांनी 'गैरहजर' ठरणार. मोजणाराच जर एकाच प्रकारचं शरीर आणि एकाच प्रकारचं घर धरून मोजत असेल, तर त्या मापावर मिळालेली बढती आणि गेलेली नोकरी दोन्ही अन्यायाच्या. प्रस्ताव मागे घेतला गेला.

आतापर्यंत लिहिलं ते सगळं घरून काम करू शकणाऱ्यांविषयी. आमच्या गोदामात माल चढवणारे-उतरवणारे, पहारेकरी, सफाई करणाऱ्या बाया, देखभालीचे वीजतंत्री, यांना घर हा पर्यायच नव्हता, आणि यातले बहुतेक कंत्राटी. समावेशाच्या चर्चेत त्यांचं नाव येत नाही याची मला खंत वाटते. बहुतेक ठिकाणी धोरणाच्या पहिल्या पानावरच 'कायम कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं असतं. महामारीचा धोका पत्करून येणाऱ्यांना त्याच धोरणातून वगळणं मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आम्ही सुरक्षेचं पत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवलं होतं. सफाई विभागातल्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, ते आलंय. पण आमच्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही. तुम्ही येऊन सांगा ना तोंडी." मग पाळी सुरू होताना रोज थोडा वेळ, त्यांच्या त्यांच्या भाषेत, त्यांच्यातलंच कोणीतरी सांगायचं असं ठरलं, आणि ऐकता येतील असे छोटे आवाजी संदेश केले. तोंडी सांगण्यात एक फायदा होता: प्रश्न विचारता यायचे. पहिल्याच दिवशी हातमोज्यांचा विषय निघाला. आलेले मोजे एकाच मापाचे, मोठे. बायकांच्या हातातून घसरायचे, म्हणून त्या ते काढून रसायनं हाताळत होत्या. संरक्षणाची साधनं बहुधा पुरुषांच्या मापाने बनतात, हे जगभरातल्या रुग्णालयांतल्या परिचारिकाही तेव्हा सांगत होत्या. आम्ही तीन मापं मागवली. गोदामातल्या एका कर्णबधिर हमालासाठी त्याच्या गटाला पारदर्शक खिडकीचे मास्क दिले. ते वाफेने धुरकट होतात, त्यामुळे सूचना पाटीवर लिहायची सवयही लावली.

फाटकावर आम्ही बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवलं होतं. डिसेंबर २०२०मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. त्यात, यंत्र ठीक दाखवत असूनही प्रत्यक्षात रक्तातला ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळपास तिप्पट होतं. त्वचेच्या रंगावर यंत्राची अचूकता अवलंबून राहते हे कळल्यावर आम्ही पहारेकऱ्यांना सांगितलं, की आकडा चांगला आला म्हणून कोणाला आत ढकलू नका. धाप लागते का, चालताना दम भरतो का, ते आधी विचारा.

खरा संघर्ष पगारी रजेचा झाला. कंत्राटी माणूस ताप लपवून कामावर यायचा, कारण न आल्यास त्या दिवसाचे पैसे नाहीत. एक पहारेकरी मला म्हणाला, "मॅडम, ताप मला परवडतो, खाडा परवडत नाही." विलगीकरणाचे सगळे दिवस पगारी, मग माणूस कोणाच्याही हजेरीपटावर असो, हा आमचा आग्रह होता. वित्त विभागाने कंत्राटदाराकडे बोट दाखवलं, कंत्राटदाराने कराराकडे. बरेच महिने त्यात गेले. शेवटी करारातच ते कलम घातलं आणि त्याचा खर्च कंपनीने उचलला. माझ्या लेखी समितीचं या काळातलं सगळ्यात मोठं काम हेच, कॅप्शनपेक्षाही मोठं.

भरती थांबली होती, ती हळूहळू सुरू झाली. मुलाखती ऑनलाइन होऊ लागल्या तसे दूर राहणारे, प्रवास न झेपणारे, लहान मुलं असणारे उमेदवार दिसू लागले. त्याचबरोबर नवा भेदभावही दिसला: ज्याची जोडणी चांगली, मागे पुस्तकांचं कपाट, त्याला 'आत्मविश्वास' या रकान्यात जास्त गुण. आम्ही सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायला, उत्तरागणिक लगेच गुण द्यायला आणि प्रत्यक्ष कामाचा एक छोटा नमुना करून घ्यायला सुरुवात केली. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये कितीतरी दशकांचं संशोधन एकत्र करून दाखवलं होतं, की मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा अशी बांधेसूद मुलाखत आणि कामाचा नमुना पुढच्या कामगिरीचा अंदाज जास्त चांगला देतात. जोडणी तुटली तर मुलाखत फोनवर पुरी करायची आणि तुटल्याचा उल्लेख कुठेही करायचा नाही, हेही लिहून ठेवलं. प्रश्नांचं स्वरूप उमेदवारांना आधी पाठवू लागलो. स्वमग्नतेच्या वर्णपटावरच्या एका उमेदवाराने आम्हाला नंतर लिहिलं, की पहिल्यांदाच मुलाखत कामाविषयी झाली.

आणि मग कपातीची वेळ आलीच. सर्वांना न्याय्य वाटणारा जुना नियम पुढे आला: जो शेवटी आला तो आधी जाईल. दिसायला त्यात पक्षपात नाही. पण आमची भरती अलीकडच्या काळातच रुंदावली होती. शेवटी आलेल्यांत स्त्रिया, अपंग, घरातून पहिल्यांदाच अशा नोकरीत आलेले, यांचं प्रमाण जास्त. तो नियम लावला असता तर समितीचं सगळं काम एका यादीने पुसलं गेलं असतं. दुसरा निकष होता 'कमी महत्त्वाची पदं', आणि ती बहुतेक साहाय्यक विभागांतली, जिथे पुन्हा बायका जास्त. आम्ही एवढंच म्हटलं, की यादी पक्की होण्याआधी तिचा परिणाम मोजून समोर ठेवा: कपातीनंतर कंपनी कशी दिसेल? तो तक्ता पाहिल्यावर खोलीत शांतता पसरली. मग वरच्या श्रेणींचे पगार काही काळ कमी झाले, काही विभागांनी सगळ्यांचे तास थोडे थोडे कमी करून नोकऱ्या वाचवल्या, आणि उरलेली कपात कामाच्या निकषावर झाली. तरी काही माणसं गेलीच. त्यांतल्या काहींना मी स्वतः भरतीच्या वेळी "इथे तुम्हाला जागा आहे" असं सांगितलं होतं. त्याचं दुःख मला अजून आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. तोवर आमच्याकडे काही जण रोज येत होते, काही आठवड्यातून एकदोनदा, काही मुळीच नाही. महामारीतल्या सोयी आता गुंडाळायच्या का, असा विषय आला तेव्हा आम्ही तीच पद्धत वापरली: एकेक सोय घ्यायची आणि ती काढली तर कोण बाहेर पडेल ते लिहायचं. कॅप्शन, समाईक तास, लेखी मताची मुदत, दाखवायच्या नावाचा रकाना, कंत्राटी माणसांची पगारी रजा, सगळं राहिलं. बैठकीत एक जण जरी दूर असला तरी प्रत्येकाने आपापल्या पडद्यावरून बोलायचं, हा नियम नवा केला, कारण खोलीतली माणसं आपसांत बोलत राहतात आणि दूरची नुसती पाहत बसतात.

सध्याचं काम बढत्यांचं आहे. महामारीच्या कितीतरी आधी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. २०१५मध्ये तो प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, पण तेवढ्याच कामगिरीवर त्यांना बढती मिळण्याचं प्रमाण घटलं. आम्ही आमच्या नोंदी तशाच तपासल्या आणि तोच कल निघाला. घरून काम करणाऱ्यांत अपंग आणि देखभालीची जबाबदारी असलेले जास्त, त्यामुळे ही तफावत कोणावर पडते ते उघड होतं. मुळाशी गेल्यावर दिसलं, की चांगले प्रकल्प चहाच्या वेळी, समोर दिसेल त्याला दिले जातात, आणि वर्षाअखेरीस बढती त्या प्रकल्पांवर मिळते. आता प्रत्येक प्रकल्प वाटण्याआधी तो सगळ्यांना दिसेल अशा यादीवर टाकावा लागतो, कोणालाही त्यासाठी नाव देता येतं, आणि निवडीचं कारण विभागप्रमुखाने लिहायचं असतं. काहींना हे वेळखाऊ वाटतं. पहिल्या आढाव्यात तफावत कमी झाली आहे, पण गेलेली नाही. पुढच्या आढाव्यात गोदाम आणि सफाई विभागातल्या कंत्राटी माणसांच्या नोंदीही धरायच्या असं मंजूर झालं आहे. त्यांना कायम जागांवर कोण घेतं, किती काळाने आणि कोणत्या निकषावर, हे तपासायचं काम समितीने सुरू केलं आहे.